चोचवाला डॉक्टर: 'ब्लाइटेड बीक'बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'टीम फोर्ट्रेस २' या व्हिडिओ गेमबद्दल मला सर्वांत जास्त प्रश्न येतात ते बंदुकांचे नसतात, एका मुखवट्याचे असतात. निम्मे विचारतात 'कसा मिळवू?' आणि निम्मे विचारतात 'हे खरंच असं होतं का?'. दोन्ही टोळ्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथे क्रमांक दिला आहे, तिकडे जावं.

१. 'ब्लाइटेड बीक' म्हणजे नेमकं काय?

व्हॉल्व्ह कंपनीच्या 'टीम फोर्ट्रेस २'मध्ये नऊ पात्रं आहेत. त्यातल्या मेडिकने, म्हणजे डॉक्टरने, तोंडावर चढवायचा हा लांब चोचीचा मुखवटा. 'बीक' म्हणजे चोच. 'ब्लाइट' म्हणजे आपल्याकडे टोमॅटो-बटाट्यावर पडतो तो करपा. तेव्हा नावाचा अर्थ साधारण 'करपलेली चोच' असा घ्या. युरोपात सतराव्या शतकात प्लेगचे रोगी तपासणारे डॉक्टर जो पोशाख घालत असं सांगितलं जातं, त्याच्यावरून हा घेतला आहे. 'सांगितलं जातं' हे मी मुद्दाम लिहिलंय. कारण प्रश्न १२ ते १५ मध्ये आहे.

२. हा घातला की मेडिक जास्त बरं करतो का? विषापासून, आगीपासून बचाव होतो का?

नाही. हा निव्वळ नटण्यामुरडण्याचा ऐवज आहे. उपचाराचा वेग, धावण्याचा वेग, अंगातली ताकद, काहीच बदलत नाही.

तरी हा प्रश्न मूर्खपणाचा नाही. एके काळी या गेममध्ये काही टोप्या शस्त्रांच्या जोडीने घातल्या की खरोखर फायदा मिळायचा. मेडिकचंच उदाहरण घ्या: 'बर्लिनर्स बकेट हेल्म' हे बादलीसारखं शिरस्त्राण, 'क्रुसेडर्स क्रॉसबो' आणि 'अँप्युटेटर' करवत असा तिन्हीचा संच घातला की तब्येत जरा लवकर भरून यायची. ज्याच्याकडे टोपी नाही त्याच्यावर हा अन्याय होता, आणि लोकांनी त्यावर बरीच बोंब मारली. २०१३ मध्ये टोपीची अट काढली गेली. जुने व्हिडिओ बघून प्रश्न विचारणाऱ्यांचा घोळ बहुधा इथेच होतो.

३. गेम फुकट आहे ना? मग मुखवट्याला पैसे कशाला?

गेम १० ऑक्टोबर २००७ ला आला तेव्हा विकत होता. २३ जून २०११ पासून फुकट झाला. खेळायला पैसे लागत नाहीत, मिरवायला लागतात. लग्नात जेवण फुकट असतं, फेटा मात्र आपला आपण आणायचा, तसंच हे. टोप्या मे २००९ मध्ये आल्या आणि गेममधलं दुकान, 'मॅन को. स्टोअर', ३० सप्टेंबर २०१० ला उघडलं. त्याच वेळी खेळाडूंना आपापसात वस्तूंची अदलाबदल करता येऊ लागली. तेव्हापासून तिथे जो बाजार भरला आहे तो आजपर्यंत उठलेला नाही.

४. मग मिळवायचा कसा? सर्वांत स्वस्त मार्ग सांगा.

अदलाबदल, म्हणजे ट्रेडिंग. ज्याच्याकडे जास्तीचा आहे त्याच्याकडून धातू देऊन घ्यायचा (धातूचा हिशोब प्रश्न ५ मध्ये). दुसरा मार्ग स्टीमच्या, म्हणजे व्हॉल्व्हच्याच ऑनलाइन गेम-दुकानाच्या, कम्युनिटी मार्केटवर रुपये मोजून. भाव रोज वर-खाली होतात म्हणून इथे आकडा देत नाही. पण घ्यायच्या आधी दोन-तीन दिवस भाव बघा, पहिल्याच दिवशी उडी मारू नका.

खेळताना आपोआप पडेल, म्हणजे गेमच फुकट देईल, म्हणून वाट बघत बसणाऱ्यांना एकच सांगणं: फुकट खात्यावर टोप्या (यात मुखवटेही आले) पडतच नाहीत. त्यासाठी खातं 'प्रीमियम' लागतं, आणि ते गेमच्या दुकानातून एकदा काहीही विकत घेतलं की होतं. फुकट खात्याच्या देवाणघेवाणीवरही मर्यादा आहेत. तेव्हा अगदी स्वस्तातली एखादी वस्तू घेऊन आधी खातं प्रीमियम करून घ्या. सामानाची पिशवीही ५० खणांवरून ३०० खणांची होते.

५. स्क्रॅप, रिक्लेम्ड, रिफाइंड हे काय प्रकरण आहे?

हे इथलं चलन. एकाच पात्राची दोन नकोशी शस्त्रं वितळवली की एक स्क्रॅप. तीन स्क्रॅपचा एक रिक्लेम्ड. तीन रिक्लेम्डचा एक रिफाइंड. म्हणजे एका रिफाइंडमागे १८ शस्त्रं. जुना आणे-पैचा हिशोब घरातल्या आजोबांना येत असेल तर हा त्यांना आपल्याआधी जमेल.

तीन रिफाइंड भट्टीत घातले की कुठलीतरी एक टोपी निघते. 'कुठलीतरी' हा शब्द नीट वाचा. मी सुरुवातीला हौसेने ५४ शस्त्रं जमवून ते केलं, आणि जे पात्र मी आयुष्यात खेळलो नाही त्याची टोपी हातात आली. चोचच हवी असेल तर तेच तीन रिफाइंड घेऊन बाजारात जा, भट्टीपाशी जाऊ नका.

६. एकाचं नाव पिवळं दिसतं, एकाचं जांभळं. कुठला घ्यायचा?

रंग म्हणजे वस्तूची जात. पिवळट नाव म्हणजे 'युनिक'. नाव 'एकमेव' असलं तरी हीच सगळ्यांत साधी जात. नारिंगी 'स्ट्रेंज' असेल तर त्यावर तुमच्या खेळाची मोजणी होते. जांभळं 'अनयुज्वल' म्हणजे डोक्याभोवती धूर, ठिणग्या असं काहीतरी फिरत राहतं, आणि साध्या टोपीपेक्षा किंमत कितीतरी पटींनी चढते. मुखवट्याचा आकार सगळ्या जातींत तोच असतो. पहिल्यांदा घेताय तर पिवळा घ्या. धुरासाठी पैसे मोजायचे की नाही हे वर्षभर खेळून झाल्यावर ठरवा.

७. मार्केटवर विकला तर पूर्ण पैसे मिळतात का? ते बँकेत येतात का?

दोन्हीला नाही. या गेमच्या वस्तूंवर एकूण १५ टक्के कापले जातात: ५ टक्के स्टीमचे, १० टक्के गेमचे. उरलेले स्टीमच्या वॉलेटमध्ये जमा होतात आणि तिथेच राहतात. त्यातून दुसरा गेम घेता येईल, किराणा नाही. 'वॉलेटचे पैसे आम्ही बँकेत देतो' म्हणणारा कुणी भेटला तर त्याला राम राम करा.

८. टोपीखाली हा मुखवटा बसतो का? खांद्यावर कबुतरही हवंय.

एका वेळी तीन शोभेच्या वस्तू घालता येतात. पण प्रत्येक वस्तूने शरीराचा एखादा भाग अडवलेला असतो: चेहरा, डोकं, पाठ वगैरे. दोन वस्तू एकाच भागावर हक्क सांगत असतील तर गेम दोन्ही घालू देत नाही. म्हणून चोचीसोबत चेहऱ्यावरची दुसरी वस्तू निवडू नका. विकत घेण्याआधी दोन्ही वस्तूंचे अडवलेले भाग तपासून बघा.

कबुतराचं म्हणाल तर ते मेडिकचं लाडकं 'आर्किमिडीज'. तोंडाला चोच आणि खांद्यावर पक्षी ही जोडी मला स्वतःला फार आवडते. पक्षी मालकाकडे बघून गोंधळतोय असं वाटत राहतं.

९. चोच एवढी पुढे आलेली असते. स्नायपरची गोळी चोचीला लागली तर हेडशॉट धरतात का?

नाही. गोळी लागली की नाही हे ठरवणारा सांगाडा सगळ्या मेडिकांचा सारखाच असतो, वर काहीही घाला. चोचीतून गोळी आरपार जाते. पण मुखवटा आडोसाही देत नाही. कपाळावर बसली तर बसलीच.

१०. माझी चोच शत्रूच्या स्पायने घातलेली दिसली! चोरी झाली का?

नाही हो, त्याचं कामच ते आहे. शत्रूचा स्पाय तुमच्या संघातल्या कुणाचं तरी सोंग घेतो तेव्हा त्या खेळाडूचं नाव आणि शोभेच्या वस्तूही उचलतो. तुम्ही मेडिक आहात, चोच घातली आहे, आणि त्याने तुमचं सोंग घेतलं, तर तोही चोचीसह दिसणार.

यातून एक फायदाही निघतो. आपल्या संघात चोचवाला मेडिक एकच आहे हे सगळ्यांना माहीत असेल आणि अचानक दोन चोची दिसल्या, तर एक नक्की खोटी. साध्या चेहऱ्याच्या मेडिकांत हे इतकं पटकन लक्षात येत नाही.

११. मुखवट्यामुळे आवाज घुमतो का? पायरोसारखा?

नाही. पायरोचा, म्हणजे आग फेकणाऱ्या पात्राचा, आवाज त्याच्या गॅस मास्कमुळे मुळातच दबलेला आहे. मेडिकने काहीही घातलं तरी जर्मन हेल तसाच खणखणीत ऐकू येतो.

१२. आता खरं सांगा, डॉक्टर असे फिरायचे का? आणि चोच कशाला?

या पोशाखाचं श्रेय शार्ल द लोर्म या फ्रेंच वैद्याला दिलं जातं. तो फ्रान्सचा राजा तेरावा लुई याचा वैद्य होता आणि काळ सांगतात १६१९ चा. मेणाचा थर दिलेला लांब अंगरखा, बुटांना जोडलेली चामडी विजार, शेळीच्या कातड्याची टोपी आणि हातमोजे, डोळ्यांवर भिंगं आणि अर्धा फूट लांब नाक, असं वर्णन आहे. या नाकाला दोनच भोकं, नाकपुडीशेजारी एकेका बाजूला.

चोच लांब असायचं कारण त्या काळच्या समजुतीत आहे. रोग दूषित हवेतून, दुर्गंधीतून पसरतो असं लोक मानत. मग चोचीत सुगंधी वनस्पती, मसाले भरायचे म्हणजे आत येणारा प्रत्येक श्वास त्यातून गाळून येईल. 'थेरियाक' नावाचं एक औषधही त्यात असे असं म्हणतात. पन्नासहून अधिक घटकांच्या त्या मिश्रणात दालचिनी, मध आणि चक्क सापाचं मांस असायचं. हातातली काठी रोग्याला स्पर्श न करता पांघरूण बाजूला सारायला किंवा अंग दाखवायला.

थोडक्यात, चोच म्हणजे नाकाला लावलेला मसाल्याचा डबा.

१३. म्हणजे 'ब्लॅक डेथ'च्या वेळी हेच घालायचे ना?

नाही, आणि सर्वांत जास्त चूक इथेच होते. युरोपातली ती महामारी १३४७ ते १३५१ या काळातली. चोचीच्या पोशाखाचं वर्णन येतं त्यानंतर जवळजवळ पावणेतीनशे वर्षांनी. मधल्या काळात प्लेग पुन्हा पुन्हा येत राहिला, म्हणून लोकांच्या डोक्यात सगळे प्लेग एकच झाले. कुठल्याही चित्रात चौदाव्या शतकातल्या गावात चोचवाला डॉक्टर दिसला तर ते चित्र नंतरच्या माणसाने काढलंय असं खुशाल समजा.

'नोस्ट्राडेमस चोच घालून रोगी तपासायचा' असंही दर महिन्याला कुणीतरी पाठवतं. तो प्लेगच्या रोग्यांवर उपचार करायचा हे खरं, पण वारला १५६६ मध्ये. तारखा लावून बघा.

१४. ते प्रसिद्ध काळं-पांढरं चित्र, काठीवाल्या चोचीच्या डॉक्टरचं, ते तर त्याच काळातलं आहे की!

आहे. १६५६ चं, न्यूरेंबर्गच्या पॉल फ्यूर्स्टने छापलेलं. पण नाव वाचा: 'रोमचा डॉक्टर श्नाबेल', म्हणजे 'रोमचे डॉक्टर चोचे'. खाली जर्मन आणि लॅटिनची खिचडी केलेल्या ओळी आहेत, आणि त्यांचा सूर टिंगलीचा आहे: प्लेगवर पैसा कमावणाऱ्या डॉक्टरची खिल्ली. काठीच्या टोकाला पंख असलेलं वाळूचं घड्याळ आहे, तेही 'तुमची वेळ भरली' या अर्थाने. जर्मनीत बसून रोमच्या डॉक्टरची थट्टा चालली आहे.

याचा अर्थ पोशाख खोटा असा होत नाही. मार्सेयमध्ये १७२० ला प्लेग आला, त्यानंतर १७२१ मध्ये जिनिव्हाच्या मांझे या वैद्याच्या ग्रंथातही असंच चित्र छापलं गेलं. पण गेमवाल्यांपासून रंगपटवाल्यांपर्यंत सगळ्यांनी उचललेली प्रतिमा मुळात एक व्यंगचित्र आहे, एवढं लक्षात ठेवायला हवं. मला तर वाटतं की म्हणूनच ती या गेमला इतकी चपखल बसते. 'टीम फोर्ट्रेस २'चा मेडिकही डॉक्टरचं व्यंगचित्रच आहे. वैद्यकीचा परवाना गेला, हात मात्र शिवशिवत राहिले.

१५. म्युझियममध्ये खरे मुखवटे ठेवलेत ना?

जर्मनीत इंगोलश्टाटच्या वैद्यक-इतिहास संग्रहालयात एक आहे, बर्लिनच्या ऐतिहासिक संग्रहालयातही एक आहे. दोन्ही फोटोंत फार फिरतात. मात्र ते खरोखर प्लेगच्या डॉक्टरांनी वापरले होते याबद्दल अभ्यासकांनीच शंका घेतल्या आहेत. व्हेनिसच्या कार्निव्हलमधला चोचीचा मुखवटा तर सरळ सोंगाचाच.

१६. मुखवट्याचा काही उपयोग व्हायचा का? मास्कसारखा?

चोचीचा जवळजवळ नाही, बाकी पोशाखाचा कदाचित थोडा.

प्लेगचा जंतू अलेक्झांडर येरसँने १८९४ मध्ये हाँगकाँगला शोधला. उंदरावरची पिसू तो माणसापर्यंत आणते हे पॉल-लुई सिमोंने १८९८ मध्ये कराचीत दाखवलं. आता गाठीचा प्लेग पिसवांमुळे होतो म्हटल्यावर नाकाशी दालचिनी ठेवून काय होणार? पण गळ्यापासून पायापर्यंत मेण लावलेलं कातडं असेल तर पिसवेला चावायला जागा कमी मिळणार. कारण चुकीचं, अंगरखा बरोबर.

फुप्फुसाचा प्लेग मात्र श्वासातून पसरतो. त्यासाठी खरोखर गाळणारा मास्क लागतो. १९१०-११ मध्ये मांचुरियात वू लिएन-तेह या डॉक्टरने कापूस आणि गॉजचे पदर घेऊन असा मास्क वापरात आणला. दिसायला अगदी साधा. त्याची टोपी गेममध्ये कुणी करणार नाही.

१७. हे डॉक्टर होते तरी कोण? चांगले डॉक्टर पळून जायचे म्हणे?

बरेचसे कंत्राटी. शहर त्यांना पगारावर ठेवायचं, बदल्यात त्यांनी प्लेगचे सगळे रोगी बघायचे. इटलीतल्या पाविया शहराने १४७९ मध्ये जोव्हान्नी दे व्हेंतुरा नावाच्या डॉक्टरशी केलेला करार उपलब्ध आहे: महिन्याचा पगार, राहायला घर, काही रक्कम आगाऊ. हे सगळं चोचीच्या आधीचं. आणि गेममधले नऊ जणही कंत्राटी भाडोत्रीच! मुखवट्यापेक्षा हे साम्य मला जास्त खरं वाटतं.

१८. पुण्या-मुंबईच्या प्लेगात आपल्याकडे असे मुखवटे होते का? आजी चोचवाल्या गोऱ्या डॉक्टरची गोष्ट सांगायची.

नव्हते. मुंबईत मांडवी भागात सप्टेंबर १८९६ मध्ये प्लेग ओळखला तो मूळ गोव्याच्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. तोवर चोचीचा पोशाख युरोपातही पुस्तकात गेला होता. जानेवारी १८९७ मध्ये हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली लस आधी स्वतःला टोचून घेतली. पुण्यात घराघरांत शिरलेले सोल्जर, त्या रागातून २२ जून १८९७ ला रँडवर झाडलेली गोळी, हे सगळ्यांना ठाऊक आहे. सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ ला प्लेगनेच गेल्या, रोग्यांची सेवा करता करता. त्यांच्या तोंडावर ना चोच होती ना मास्क.

आजींची भीती खरी असणार. उंदीर पडायला लागले की गाव उठून माळावर झोपड्या घालायचं, आणि तपासणीला येणाऱ्याची धास्ती असायची. चोच मात्र नंतर कुठल्यातरी चित्रातून गोष्टीत शिरली असावी.

१९. डेग्रूट कीपच्या किल्ल्यात हा मुखवटा चालतो का?

चालतो. डेग्रूट कीप हा गेममधला मध्ययुगीन किल्ल्याचा नकाशा; तिथे बंदुकांना बंदी आहे, मुखवट्याला नाही. मेडिकला क्रॉसबोही वापरता येतो. मध्ययुगीन किल्ल्यात चोच कशी, असं कुणी हटकलं तर प्रश्न १३ दाखवा, आणि मग हेही सांगा की मागच्या तटावर गॅस मास्क घातलेला पायरो उभा आहे.

२०. मेडिकसाठी जुन्या वैद्यकीतलं आणखी काही आहे का? इतर गेममध्ये?

'ओटोलॅरिंगोलॉजिस्ट्स मिरर' बघाच. कान-नाक-घशाचे जुने डॉक्टर कपाळावर मधोमध भोक असलेला गोल आरसा बांधायचे, तोच. दिवा रोग्याच्या बाजूला, उजेड आरशावर, आणि डॉक्टर भोकातून बघणार. चोचीच्या तुलनेत ही वस्तू शंभर टक्के खरी आणि अनेकांच्या लहानपणी पाहिलेली. 'फिजिशियन्स प्रोसीजर मास्क' हा शस्त्रक्रियेचा मास्कही आहे.

इतरत्र: 'फोर्टनाइट'मध्ये २०१८ ला 'प्लेग' आणि 'स्कर्ज' असे दोन चोचवाले पोशाख आले. 'ब्लडबोर्न'मध्ये आयलीनचा चोचीचा मुखवटा आहे, पण तिथे कपड्यांना बचावाचे आकडे असतात, म्हणजे तो निव्वळ शोभेचा नाही. 'डार्केस्ट डंजन'मध्ये तर प्लेग डॉक्टर हे अख्खं पात्रच आहे.

२१. मुलगा बारा वर्षांचा आहे, या मुखवट्यासाठी हट्ट धरलाय. घेऊन द्यावा का?

मुखवटा निरुपद्रवी आहे. गेममध्ये मात्र रक्त आणि तुकडे उडतात, व्यंगचित्राच्या ढंगात असले तरी. आधी स्वतः अर्धा तास बघा. पैसे द्यायचे ठरवलंत तर वॉलेटमध्ये मोजकी रक्कम भरा, कार्ड जोडून ठेवू नका. आणि अनोळखी माणसाने पाठवलेल्या लिंकवर पासवर्ड टाकायचा नाही, हे त्याला मुखवट्याच्या आधी शिकवा.

२२. चुकून दोन टोप्या भट्टीत घातल्या, त्यात चोच गेली. परत मिळेल का?

नाही. दोन टोप्यांची एक करताना गेम विचारतो, आपण 'हो' म्हणतो, आणि स्टीमचा मदत विभाग अशा वस्तू परत देत नाही. नवा घ्यायला प्रश्न ४ कडे.